कार्बोक्सिमिथाइल चिंचोका डिंक: प्रबंध मंजूर करण्याआधी आकडे मागा

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या औषधनिर्माणशास्त्र अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य
आणि एम.फार्म.चे संशोधन मार्गदर्शक

विषय: रासायनिक बदल केलेल्या वनस्पतिज डिंकांवरील प्रबंधांसाठी किमान तपासण्या बंधनकारक करण्याबाबत

सर, मॅडम,

चिंचोका, गवार, मेथी, इसबगोल यांपैकी एखादा डिंक घ्यायचा, त्यावर कार्बोक्सिमिथाइल गट (एक छोटा आम्लधर्मी रासायनिक तुकडा) बसवायचा, त्याची गोळी दाबायची आणि औषध बारा तास झिरपते असा आलेख काढायचा. एम.फार्म.च्या तिसऱ्या-चौथ्या सत्रात हा विषय किती आवडीचा आहे हे आपल्याला सांगायला नको. कच्चा माल स्वस्त, यंत्रे कॉलेजात असतात, आलेखही देखणा येतो. आमचा विषयाला विरोध नाही. आमची हरकत एवढीच की अशा प्रबंधांत गोळीविषयी चाळीस पाने असतात आणि डिंकाविषयी दीड. विद्यार्थ्याने प्रत्यक्षात कोणता पदार्थ तयार केला हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तो पुन्हा बनवता येत नाही.

औषधरचना आणि विश्लेषण हे आमचे रोजचे काम. त्या अनुभवावरून आमची मागणी अशी: पॉलिमरची, म्हणजे तयार केलेल्या बदललेल्या डिंकाची, स्वतंत्र ओळखपत्रिका जोडल्याशिवाय असा प्रबंध व्हायवाला घेऊ नये. पत्रिकेत काय असावे आणि का, ते सविस्तर लिहितो. उदाहरण म्हणून कार्बोक्सिमिथाइल चिंचोका डिंक घेतला आहे, कारण आपल्याकडे तोच सर्वाधिक हाताळला जातो.

आधी नावाचा प्रश्न. बाजारातला हायप्रोमेलोज, म्हणजे एचपीएमसी, हाही वनस्पतीच्या सेल्युलोजमध्ये बदल करूनच मिळतो. पण त्याच्या नावापुढे २२०८ असा प्रकाराचा आकडा लिहिलेला असतो. पहिले दोन अंक मेथॉक्सी गटाचे सरासरी प्रमाण सांगतात, शेवटचे दोन हायड्रॉक्सिप्रोपॉक्सी गटाचे. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, २२०८ प्रकारासाठी मेथॉक्सी १९ ते २४ टक्के आणि हायड्रॉक्सिप्रोपॉक्सी ४ ते १२ टक्के अशी हद्द आखलेली आहे, शिवाय २ टक्के द्रावणाची २० अंश सेल्सिअसवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, वेगळी. एवढे आकडे कळल्यावरच रचनाकार ‘हा चालेल’ म्हणतो. आपल्या प्रबंधांत मात्र ‘कार्बोक्सिमिथाइल टॅमरिंड’ एवढे नाव पुरेसे मानले जाते.

ते पुरत नाही. कार्बोक्सिमिथाइल गट बसवलेला स्टार्च, म्हणजे सोडियम स्टार्च ग्लायकोलेट, गोळी फोडायला वापरतात. आडवे बंध घातलेला कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे क्रॉसकार्मेलोज, हाही गोळी फोडतो. आडवे बंध नसलेला तोच कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज मात्र जेल धरतो आणि औषध रोखतो. म्हणजे गट तोच, पण एकाने गोळी मिनिटांत फुटते आणि दुसऱ्याने तासन्‌तास टिकते. फरक साखळीची लांबी, आडवे बंध आणि गटांची संख्या यांतून येतो. त्यामुळे ‘कार्बोक्सिमिथायलेशन केल्याने औषध सावकाश सुटले’ हे विधान जसेच्या तसे मान्य करण्यासारखे नाही.

आता मूळ माल. चिंचोक्याचा साधारण ३० टक्के भाग टरफलाचा, उरलेला गराचा. गराच्या पिठात ढोबळमानाने ६५ टक्के पॉलिसॅकराइड, १५ ते २० टक्के प्रथिने आणि ६ ते ८ टक्के तेल असते. घोंगडीला लावायच्या खळीसाठी हेच पीठ शिजवतात. थंड पाण्यात ते नीट फुलत नाही. हे पॉलिसॅकराइड म्हणजे झायलोग्लुकन: सेल्युलोजसारखा ग्लुकोजचा कणा, त्यावर झायलोजच्या फांद्या आणि काही झायलोजवर गॅलॅक्टोज. ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज यांचे प्रमाण साधारण २.८ : २.२५ : १. हे प्रमाण लक्षात असू द्या, पुढे डीएसच्या (साखरेच्या एका घटकामागे सरासरी किती गट बसले त्या आकड्याच्या) सूत्रात ते लागणार आहे.

बाजारात मिळणारे पीठ थेट वापरले की शुद्ध डिंक, ही प्रबंधातली पहिली ओळ असावी. शुद्ध करायचा तर नेहमीची पद्धत पुरेशी आहे. २० ग्रॅम पीठ २०० मि.लि. थंड पाण्यात गुठळ्या न होता कालवायचे, ८०० मि.लि. उकळत्या पाण्यात ओतायचे, ढवळत २० मिनिटे उकळायचे आणि रात्रभर निवू द्यायचे. मग ५००० आरपीएमवर २० मिनिटे सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रावण दुप्पट इथेनॉलमध्ये ओतले की डिंक तंतूंसारखा बाहेर पडतो. तो धुऊन ५० अंशांवर वाळवायचा आणि १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, टरफल नीट काढलेले नसते, मग टॅनिन डिंकात येते आणि रंग तपकिरी होतो. हा दोष दिसण्यापुरता नाही. डिझोल्यूशनच्या, म्हणजे गोळीतून औषध किती वेगाने सुटते ते मोजण्याच्या, वेळी तो अंगाशी येतो. दुसरे, नायट्रोजन मोजलेला नसतो, त्यामुळे प्रथिने किती उरली ते कळत नाही.

आता प्रक्रियेकडे. प्रबंधांत ‘डिंक अल्कलीत भिजवून मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल घातले आणि ६० अंशांवर तापवले’ एवढ्यावर विषय आटोपलेला असतो. पूर्ण कोरड्या धरलेल्या १० ग्रॅम डिंकासाठी सुरुवात अशी करता येते: १५० मि.लि. आयसोप्रोपॅनॉलमध्ये डिंक ढवळत ठेवायचा, ५.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड ४० टक्के द्रावणाच्या रूपात सावकाश घालायचे आणि खोलीच्या तापमानाला तासभर अल्कली मुरू द्यायची. मग ६.३ ग्रॅम मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल २० मि.लि. आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने २० ते ३० मिनिटांत घालायचे आणि ६० अंशांच्या पाण्याच्या टबात २ ते ३ तास ठेवायचे. हॉटप्लेट नको, आयसोप्रोपॅनॉल पेट घेते.

हे आकडे असे बसतात. या डिंकात साखरेच्या एका घटकाचे सरासरी वजन सुमारे १५१, म्हणजे १० ग्रॅममध्ये ०.०६६ मोल साखर. तितकेच मोल आम्ल घेतले तर ६.३ ग्रॅम होते. सोडियम हायड्रॉक्साइड त्याच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त लागते, कारण एक मोल आम्लाला सोडियम क्षार बनवण्यात खर्च होतो आणि दुसरा प्रत्यक्ष अभिक्रियेत. एकास एक अल्कली घेणाऱ्याची सगळी अल्कली आम्ल मारण्यातच संपते, डिंक जवळजवळ कोरा राहतो आणि तरीही प्रबंधात त्याचे नाव ‘मॉडिफाइड’. डिंक हवेतला ओलावा धरतो. १० टक्के ओलावा असलेला डिंक कोरडा समजून तोलला तर मोलचे गणित पहिल्याच पायरीवर चुकते. म्हणून ओलावा आधी मोजायचा.

पाण्याचे प्रमाण हा या प्रक्रियेतला सर्वांत नाजूक भाग. आयसोप्रोपॅनॉलमध्ये डिंक विरघळत नाही, कण सुटे राहतात आणि अल्कली-पाणी कणाच्या आत शिरते. पाणी जास्त झाले की डिंक फुगून गोळा होतो, ढवळणी अडकते, आणि आम्ल डिंकावर बसण्याऐवजी अल्कलीशी लढून ग्लायकोलेट बनत जाते. पाणी फार कमी पडले तर अल्कली कणाच्या पृष्ठभागावरच राहते: बाहेरचा थर भरपूर बदललेला, आतला गाभा मूळचाच. अशा नमुन्याचा सरासरी डीएस चांगला येतो, पण पाण्यात टाकला की आत पांढरे ठिपके असलेल्या गुठळ्या दिसतात. १ टक्का द्रावण काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पाच मिनिटांत निकाल लागतो, आणि या तपासणीला खर्चही नाही.

धुण्याविषयी थोडे जास्त लिहावे लागेल. समजा, वरच्या प्रयोगात डीएस ०.४ आला. म्हणजे १०० पैकी ४० आम्ल डिंकावर बसले आणि ६० ग्लायकोलेट झाले. आता हिशेब करा: बदललेला डिंक सुमारे १२ ग्रॅम, मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, ३.९ ग्रॅम आणि सोडियम ग्लायकोलेटही ३.९ ग्रॅम. उरलेली अल्कली ॲसेटिक आम्लाने मारली की वर ग्रॅमभर सोडियम ॲसेटेट. म्हणजे न धुतलेल्या भुकटीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग डिंक नसतोच. विद्यार्थी ‘उत्पादन १९० टक्के’ असे लिहितो आणि कोणी विचारत नाही की वाढीव वजन आले कुठून.

हे क्षार काढायला ८० टक्के मिथेनॉल लागते, कारण त्यातल्या पाण्यात ते विरघळतात आणि डिंक मात्र तसाच राहतो. शुद्ध ॲसिटोनने धुणे म्हणजे नुसता सोपस्कार. मीठ त्यात विरघळत नाही, जागच्या जागी राहते. प्रत्येक धुण्यातून निघालेल्या द्रावणाचे दोन-चार थेंब घेऊन सिल्व्हर नायट्रेट टाकायचे. गढूळपणा थांबेपर्यंत धुवायचे. मात्र सिल्व्हर नायट्रेट फक्त क्लोराइड दाखवते, ग्लायकोलेट नाही. ग्लायकोलेटसाठी गंधकाम्लातल्या २,७-डायहायड्रॉक्सिनॅप्थलीनची रंगचाचणी आहे. रंग ५४० नॅनोमीटरवर वाचतात. क्रॉसकार्मेलोजसाठी अमेरिकी फार्माकोपियात मीठ आणि ग्लायकोलेट मिळून ०.५ टक्क्याची मर्यादा आहे. कॉलेजातल्या नमुन्याने लगेच ती गाठावी असा आमचा हट्ट नाही, पण आकडा लिहिलेला असावा. क्षार उरले की काय होते? गोळीत ते आधी विरघळतात, मागे भोके राहतात, औषध लवकर सुटते आणि दोष डिंकावर येतो. किंवा क्षारांमुळे जेल नीट फुलत नाही आणि उलटाच निष्कर्ष निघतो.

आयआर, म्हणजे इन्फ्रारेड वर्णपट, हा आणखी एक सापळा. ‘१६०० च्या आसपास नवा पट्टा दिसला, म्हणून कार्बोक्सिमिथायलेशन सिद्ध झाले’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रबंधात असते. तो पट्टा कार्बोक्सिलेटचा आहे खरा, पण सोडियम ग्लायकोलेट आणि सोडियम ॲसेटेट हेही कार्बोक्सिलेटच आहेत. न धुतलेल्या मिश्रणातही पट्टा तितकाच ठसठशीत येतो. त्यात मूळ डिंकाने धरलेल्या पाण्याचा पट्टा १६४० जवळ असतोच. धुतल्याचा पुरावा नसेल तर आयआरचा पुरावा ग्राह्य धरू नये.

डिग्री ऑफ सबस्टिट्यूशन, म्हणजे डीएस, टायट्रेशनने काढता येतो आणि त्याला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. डिंक ८० टक्के मिथेनॉलमधल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून आम्लरूपात आणायचा, क्लोराइड जाईपर्यंत धुवायचा आणि ६० अंशांवर वाळवायचा. त्याला १०५ अंशांवर रात्रभर ठेवू नये; आम्लरूपातल्या साखळ्या तापल्यावर एकमेकींशी एस्टर बंध जोडतात आणि नमुना नीट विरघळत नाही. त्यातला ०.५ ग्रॅम ५० मि.लि. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये कोमट करून विरघळवायचा आणि उरलेली अल्कली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने मोजायची. सोबत डिंकाशिवायचे कोरे टायट्रेशन करायचे. दोन्हींतला फरक १२ मि.लि. आला तर ०.५ ग्रॅममागे १.२ मिलिमोल, म्हणजे ग्रॅममागे २.४ मिलिमोल आम्लगट.

इथे सूत्राची गंमत आहे. सगळीकडे सेल्युलोजचे सूत्र उतरवलेले असते: वर ०.१६२ गुणिले ए, खाली १ वजा ०.०५८ गुणिले ए (ए म्हणजे ग्रॅममागे मिलिमोल आम्लगट). त्यात १६२ हे ग्लुकोज घटकाचे वजन. चिंचोक्यात झायलोज आहे, त्याचा घटक १३२ चा. वर दिलेल्या प्रमाणाने सरासरी १५१ येते. २.४ मिलिमोलसाठी सेल्युलोजच्या सूत्राने डीएस ०.४५ आणि बरोबर सूत्राने ०.४२. सात टक्क्यांचा फरक, तोही नुसत्या नकलेमुळे. धुण्यातली कुचराई याहून महाग पडते: वाळवलेल्या नमुन्यात १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल उरले असेल तर ०.४२ चा ०.४८ होतो. तीन वेगवेगळ्या तोलांवर टायट्रेशन करून तिन्ही आकडे छापावेत. सरासरी वाचणारा काढेल.

आता आमची सर्वांत आग्रहाची मागणी. गरम अल्कली आणि हवेतला ऑक्सिजन मिळून डिंकाची साखळी तोडतात. म्हणजे कार्बोक्सिमिथायलेशन करताना एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: गट बसतात आणि साखळी आखूड होते. गोळीतून औषध लवकर किंवा उशिरा सुटले तर ते कशामुळे? हे ठरवायचे तर एक कोरा नमुना हवाच. तोच डिंक, तेच आयसोप्रोपॅनॉल, तीच अल्कली, तेच तापमान आणि तितकाच वेळ. फक्त मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल घालायचे नाही. मूळ डिंक, अल्कलीतून काढलेला कोरा डिंक आणि बदललेला डिंक या तिघांची गोळी एकाच रचनेत, एकाच दाबाखाली दाबायची. एका दिवसाचे जादा काम आहे. ते न करता काढलेला निष्कर्ष आम्हाला तरी मान्य करता येत नाही. फ्लास्कमधून आधी नायट्रोजन सोडला तर साखळी कमी तुटते. तिन्ही नमुन्यांची व्हिस्कॉसिटी मोजताना एकच तीव्रता, एकच तापमान, एकच स्पिंडल आणि एकच वेग हवा. मूळ डिंक गरम करून विरघळवावा लागतो आणि बदललेला थंड पाण्यात विरघळतो. म्हणून मोजणीआधी तिघांनाही सारखेच गरम करून निववायचे, नाहीतर तुलना लटकी पडते.

गोळीच्या रचनेत औषध कोणते निवडले यावर निम्मा निकाल ठरतो. डायक्लोफिनॅक सोडियम हे सर्वांचे आवडते औषध. ते ०.१ नॉर्मल आम्लात जवळजवळ विरघळतच नाही. पहिले दोन तास आलेख सपाट राहतो तो डिंकाच्या करामतीमुळे नव्हे, औषधाच्या स्वभावामुळे. ‘जठरात औषध रोखले’ असे श्रेय डिंकाला देऊ नये. प्रोप्रानोलॉल हायड्रोक्लोराइडचे दुखणे वेगळे. त्याच्यावर धन भार असतो आणि पीएच ६.८ ला डिंकाच्या कार्बोक्सिलेटवर ऋण भार. दोघे एकमेकांना धरून बसतात, औषध सावकाश सुटते. ही गोष्ट उपयोगीही पडू शकते, पण तिला ‘जेलमधून विसरण’ (डिफ्यूजन) म्हणायचे नाही. बफरमध्ये ०.१ मोलर मीठ घालून पुन्हा डिझोल्यूशन करा. औषध बरेच लवकर सुटले तर आयनी बंधाचा संशय पक्का. मिठाने जेलचे फुगणेही बदलते, म्हणून सोबत पॅरासिटामॉलसारखे भार नसलेले औषध त्याच रचनेत तपासा.

३०० मि.ग्रॅ.च्या गोळीचे एक साधे कोष्टक: प्रोप्रानोलॉल हायड्रोक्लोराइड ८०, डिंक १२०, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज ९४, कोलॉइडल सिलिका ३, मॅग्नेशियम स्टिअरेट ३ मि.ग्रॅ. भरावासाठी डायकॅल्शियम फॉस्फेट घेऊ नये. आम्लात त्याचे कॅल्शियम सुटते, कार्बोक्सिलेटशी जोडले जाते आणि आणखी एक न मोजलेला घटक प्रयोगात घुसतो. डिंक ३० टक्क्यांच्या खाली नेला की जेलचा थर सलग बनत नाही आणि सहा गोळ्या सहा तऱ्हेने वागतात. भरड डिंकानेही तेच होते: कण फुलेपर्यंत पाणी आत शिरते आणि पहिल्या अर्ध्या तासातच बरेच औषध निसटते. म्हणून चाळणीचा आकडा ओळखपत्रिकेत हवा.

डिझोल्यूशन करताना ‘अपॅरेटस १’ किंवा ‘अपॅरेटस २’ एवढेच लिहू नये. भारतीय आणि अमेरिकी फार्माकोपियात हे क्रमांक कितीतरी वर्षे एकमेकांच्या उलट होते. पॅडल की बास्केट ते शब्दांत लिहा, सोबत आरपीएम. दोन तास आम्लात आणि मग बफरमध्ये असा बदल करताना फुगलेली गोळी चिमट्याने उचलली तर जेलचा थर फाटतो. त्याऐवजी ७५० मि.लि. ०.१ नॉर्मल आम्लाने सुरुवात करावी आणि दोन तासांनी त्याच भांड्यात ३७ अंशांवर आणलेले ०.२ मोलर ट्रायसोडियम फॉस्फेट २५० मि.लि. ओतून पीएच ६.८ करावा. गोळी तळाला चिकटली तर खालचा पृष्ठभाग बंद होतो, तरंगली तर वरचा. सगळ्या गोळ्या एकाच प्रकारच्या सिंकरमध्ये (गोळी बुडवून ठेवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) ठेवाव्यात. ०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर डिंकाने लगेच तुंबतो. जोर लावून दाबण्यापेक्षा आधी जाड फिल्टर आणि मग सेंट्रिफ्यूज करणे बरे.

टॅनिनची गोष्ट इथे येते. प्रोप्रानोलॉल २९० नॅनोमीटरच्या आसपास वाचतात, आणि टरफलातले टॅनिन व उरलेली प्रथिने २८० च्या परिसरात प्रकाश शोषतात. औषध नसलेली तशीच गोळी सोबत चालवून तिचे वाचन वजा केले नाही तर शेवटचे आकडे १०५, ११० टक्क्यांपर्यंत चढतात. मग कोणीतरी ते गुपचूप १०० वर आणून ठेवते. कोऱ्या गोळीचा आलेख प्रबंधात छापणे बंधनकारक करा. हा प्रश्न तिथेच मिटेल.

गणिती मॉडेलांवर जास्त वेळ घालवण्यासारखे नाही. औषध वेळेनुसार किती सुटले ते मांडणारे कोर्समायर-पेपास समीकरण पहिल्या ६० टक्के औषधापुरतेच लागू आहे. बारा तासांचे सगळे बिंदू त्यात घालून काढलेल्या ‘एन’ या घातांकाला अर्थ उरत नाही. दंडगोल गोळीसाठी ‘एन’च्या सीमा ०.४५ आणि ०.८९ आहेत, फिल्मच्या ०.५ आणि १ नव्हेत. पाच मॉडेले लावून ज्याचा आर-वर्ग ०.९९ आला त्याला ‘यंत्रणा’ म्हणणे बंद व्हावे. त्यापेक्षा दर दोन तासांनी एक गोळी बाहेर काढून ओली आणि वाळवून तोलली तर पाणी किती शिरले आणि डिंक किती झिजला हे थेट कळते. तुलनेसाठी एचपीएमसीच्या के४एम किंवा के१५एम या प्रकाराची गोळी त्याच प्रमाणात असावी. एफ-२ (दोन आलेखांतल्या साम्याचा आकडा) काढायचा असेल तर बारा गोळ्या लागतात, तीन नव्हे.

सुरक्षिततेबद्दल मोजकेच. मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल कातडीतून शरीरात शिरते आणि पेशींची ऊर्जा बनवणारी साखळी अडवते. हातापायावर मोठा शिडकावा जीवघेणा ठरू शकतो. ग्लोव्हज, ॲप्रन, चष्मा आणि फ्यूम हूड यांच्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती त्याची बाटली देऊ नये. अंगावर उडाले तर आधी भरपूर पाणी आणि लगेच रुग्णालय. जळजळ थांबली म्हणून घरी पाठवायचे नाही.

‘नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित’ हे वाक्यही प्रबंधांतून जावे. भारतातून युरोपात गेलेल्या गवार डिंकात २००७ साली पेंटाक्लोरोफिनॉल आणि डायऑक्सिन ही विषारी रसायने सापडली आणि २००८ पासून तिथे मालासोबत तपासणी अहवाल मागितला जाऊ लागला. कॅनडात २०२२ मध्ये प्रोप्रानोलॉलच्या दीर्घप्रभावी कॅप्सूल एन-नायट्रोसो-प्रोप्रानोलॉल या अशुद्धीमुळे परत मागवल्या गेल्या. प्रोप्रानोलॉलसारख्या दुय्यम अमाइन असलेल्या औषधासोबत डिंक वापरायचा तर त्यातले नायट्राइट मोजायला हवे, कारण एक्सिपियंटमधले, म्हणजे गोळीतल्या औषधाव्यतिरिक्तच्या घटकांतले, नायट्राइट हे अशा अशुद्धीचे एक ज्ञात उगमस्थान आहे. चिंचोका डिंकाला अन्नात मिसळायच्या पदार्थांवरील (फूड ॲडिटिव्ह) संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने, जेक्फाने, २०१७ साली रोजच्या सेवनाची मर्यादा ठरवण्याची गरज नाही असे म्हटले, पण ते न बदललेल्या डिंकाबद्दल. कार्बोक्सिमिथाइल रूपाला तो दाखला जोडता येत नाही. जंतूंची मोजणी तर हवीच: ग्रॅममागे एकूण जिवाणू १००० आणि बुरशी-यीस्ट १०० ही नेहमीची मर्यादा. डिंक ओलसर राहिला की बुरशीची एन्झाइमे साखळी तोडतात आणि सहा महिन्यांनी तोच लॉट वेगळा वागतो.

तर अभ्यासमंडळांकडे आमची मागणी अशी. सिनॉप्सिस मंजूर करतानाच एका पानाची ओळखपत्रिका ठरवून द्या: मूळ मालाचा लॉट आणि ओलावा, नायट्रोजन, मोल प्रमाणे, डीएसची तिन्ही टायट्रेशने आणि वापरलेले सूत्र, उरलेले क्लोराइड व ग्लायकोलेट, कोऱ्या अल्कली नमुन्यासह तिन्ही व्हिस्कॉसिटी, चाळणी, जंतुसंख्या. पान रिकामे असेल तर गोळीचा भाग तपासायला घेऊ नका. त्याचबरोबर फक्त पॉलिमर बनवून नीट ओळखणारा, गोळीपर्यंत न पोचलेला प्रबंधही पूर्ण प्रबंध म्हणून मान्य करा. एका विद्यार्थ्याने या वर्षी ५०० ग्रॅमचा लॉट बनवून बंद बाटलीत पत्रिकेसह ठेवावा, पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याच लॉटच्या गोळ्या कराव्यात. आत्ता एकाच विद्यार्थ्याला अवघ्या दोन सत्रांत डिंक काढणे, बदलणे, नऊ रचना, स्थिरता आणि शोधनिबंध हे सगळे उरकावे लागते, आणि मग डिंकाच्या वाट्याला दीड पान येते. डिंक एचपीएमसीपेक्षा कमी पडला, असा निकाल आला तर गुण कापू नयेत. तोही निकाल आहे आणि पुढच्याचे सहा महिने वाचवतो.

चालू सत्रातले विद्यार्थी अडचणीत येऊ नयेत म्हणून एवढे तरी याच महिन्यात करता येईल. प्रयोगशाळेत ठेवलेल्या नमुन्यांतून २ ग्रॅम घ्या, ८० टक्के मिथेनॉलमध्ये ढवळून गाळा आणि गाळलेल्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाका. दाट पांढरा साका बसला तर तो लॉट पुन्हा धुवा, वाळवा, डीएस काढा आणि गोळ्या नव्याने दाबा. त्यासाठी विद्यार्थ्याला महिन्याभराची मुदतवाढ द्यावी, ही विनंती.

आपले,
औषधरचना आणि औषध-विश्लेषण क्षेत्रात काम करणारे काही जण